छपराच्या आतला पाऊस

यंदा पुन्हा त्सुकुबाचा हिवाळा ओला निघाला. एरवी आमच्याकडचा हिवाळा कोरडा ठणठणीत. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो, आणि सकाळी वाळत घातलेलं धुणं जेवायच्या आत कडक होतं. पण मधूनच एखादं वर्ष बिघडतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, बर्फ म्हणावा तर बर्फ नाही, असं काहीतरी दिवसच्या दिवस पडत राहतं. जपानी लोक त्याला मिझोरे म्हणतात, मी त्याला कटकट म्हणते. परवा सकाळी ती कटकट सुरू झाली. माझ्या लेकीचा, रेवाचा, शाळेचा लोकरी स्वेटर भिजून आला, मी तो हीटरसमोर टांगला, आणि ओल्या लोकरीचा वास घरभर पसरला. रेवा नाक मुरडून आपल्या खोलीत गेली. मी मात्र तिथेच खुर्ची ओढून बसले.

आधीच सांगून ठेवते, ही रडायची गोष्ट नाही. भूकंपानंतरच्या जपानबद्दल कुणी मराठीत लिहायला लागलं की वाचणारा पहिल्या ओळीलाच चेहरा पाडून बसतो. तसं बसू नका. मी भांडकुदळ बाई आहे, आणि ही एका भांडणाची आठवण आहे. भूकंपानंतरच्या चौथ्या हिवाळ्यातली. ते भांडण मी चौदा गाभण मेंढ्यांसाठी एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईशी केलं, आणि आज कुणी विचारलं तर पुन्हा करीन.

माझे वडील माण तालुक्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होते. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच. मेंढरांना औषध पाजताना त्यांची तोंडं धरणं हा माझा आयुष्यातला पहिला हुद्दा. पुढे मुंबईला जाऊन पशुवैद्यक झाले, चार वर्षं एका मेंढी फार्मवर नोकरी केली, मग निरंजनशी लग्न झालं आणि त्याच्या संशोधनसंस्थेतल्या नोकरीमागून इथे आले. इथे माझ्या पदवीवर डॉक्टरकी करता येत नाही. परीक्षा पुन्हा द्यायची, तीही जपानीत. ती पदवी मी कपाटात पासपोर्टांच्या खाली ठेवून दिली. दर वर्षी व्हिसाच्या वेळी पासपोर्ट काढताना तिचं दर्शन होतं.

म्हणून मी नेमोतो-सानच्या, म्हणजे त्या भांडणातल्या बाईच्या, मेंढ्यांकडे बाईतो करायला लागले. बाईतो म्हणजे आपली अर्धवेळ नोकरी, जी इथे विद्यार्थी आणि बायका करतात. आमची मराठी मंडळी गणपतीत इचिकावाला जमायची, तिथे हा विषय हमखास निघायचा.

“तू काय करतेस गं हल्ली?”

“बाईतो.”

“कुठे? कोन्बिनीच्या दुकानात, गल्ल्यावर?”

“नाही. मेंढ्यांच्या बाळंतपणाला जाते.”

समोरच्या बाईचा मोदक हातातच राहायचा. निरंजन दुरून माझ्याकडे बघायचा आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. एकदा घरी येताना गाडीत म्हणाला, “ऑफिसमध्ये पण विचारतात, तुमच्या मिसेस काय करतात. मी काय सांगू?” मी म्हटलं, “सांग, डॉक्टर आहे. खोटं नाही ते.” त्याने गाडीचा रेडिओ लावला. वाईट माणूस नाही तो. फक्त त्याला चारचौघांत सांगता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि मला हातांनी करता येईल असं.

त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी नेमोतो-सानचं शेत. आमच्या घरापासून माझ्या छोट्या गाडीने, इथे छोट्या गाड्यांना पिवळी पाटी असते, अर्धा तास. मेंढ्या मूळच्या त्यांच्या नवऱ्याच्या. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या अंगाच्या, भारदस्त. आमच्याकडच्या काटक मेंढ्यांपुढे त्या अगदी सावकाराच्या बायका वाटतात. लोकर सूत कातणाऱ्या बायका घेऊन जायच्या, थोडी कोकरं टोकियोच्या एका हॉटेलात. भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी म्हातारा हृदयाच्या झटक्याने गेला. नेमोतो-सानना मेंढ्यांतलं फारसं येत नव्हतं, पण त्यांनी एकही विकली नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या एका मेंढीचं खूर कापायला धडपडत होत्या आणि मेंढीच त्यांना ओढत नेत होती. मी मेंढीची मान वळवली, तिला मांडीशी टेकवून बसतं केलं, आणि चारही खूर कापून दिले. नेमोतो-सान बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सेन्सेइ, उद्या किती वाजता येतेस?”

सेन्सेइ म्हणजे मास्तर, आणि डॉक्टरही. त्या चेष्टेनेच म्हणायच्या. पण या देशात मला कुणी तसं म्हटलं नव्हतं, आणि मी चेष्टा म्हणून घेतलंही नाही.

त्यांचा मुलगा काझुया-सान नागोयाला इंजिनिअर. मोटारीच्या दाराला काळी रबरी पट्टी असते, जिच्यामुळे वारा आणि पाणी आत येत नाही, ती पट्टी हे त्याचं काम. सभ्य, हळू बोलणारा, आईच्या काळजीने अर्धा झालेला माणूस. त्याने आईकडून शब्द घेतला होता. या वसंतात कोकरं नीट झाली तर बघू, नाही तर मेंढ्या विकायच्या, घर बंद करायचं आणि नागोयाला यायचं. त्याच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आईसाठी खोली तयार होती. मी यायच्या आधीच्या दोन वर्षांत इथे निम्मीअधिक कोकरं मेलेली, त्यामुळे नेमोतो-सानना नाही म्हणायला तोंड नव्हतं.

“सेन्सेइ, बाराव्या मजल्यावर माती असते का गं?” त्यांनी एकदा मला विचारलं.

“कुंडीत असते,” मी म्हटलं.

आम्ही दोघी हसलो. मग त्या बराच वेळ खराट्याने एकच जागा झाडत राहिल्या.

हे सुरक्षित जागी नेण्याचं प्रकरण मला नवीन नव्हतं. भूकंप झाला त्या वसंतात माझी आई रोज फोन करून रडायची. “पोरीला घेऊन ये. तिथे अणुभट्टी फुटलीय, हवेत विष आहे म्हणतात.” आमच्या ओळखीतली कितीतरी घरं पंधरा दिवसांत रिकामी झाली. जे गेले त्यांना मी पळपुटे म्हणत नाही. ज्याची भीती त्याला माहीत. पण जे राहिले त्यांना वेडं ठरवायचा हक्क कुणाला मिळाला, हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही राहिलो. निरंजनचं काम होतं म्हणून राहिलो, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की मला कुणी भिववून कुठून उठवलेलं खपत नाही. लहानपणी दवाखान्यात बैल उधळला की सगळे पळायचे आणि मी औषधाची बाटली घट्ट धरून खांबाला टेकून उभी राहायचे. शहाणपण नव्हतं ते, स्वभाव होता.

अर्थात शूर होते असंही नाही. घराबाहेर जाऊ नका, खिडक्या बंद ठेवा, असं तेव्हा सगळीकडून कानावर येत होतं. मी चिकटपट्टीची तीन रिळं आणून खिडक्यांच्या फटी बंद केल्या होत्या. रेवा तेव्हा तीन वर्षांची. दिवसभर ती काचेला नाक लावून खालच्या घसरगुंडीकडे बघायची.

तर तो ओला हिवाळा. डिसेंबरच्या सुरुवातीलाच कुरणाचा राडा झाला. मेंढ्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात, खुरांच्या बेचक्यांत कुजायला लागलेलं, पोटं वाढत चाललेली. त्यांना आत घेणं भाग होतं. मार्चच्या सुरुवातीला व्यायच्या होत्या, म्हणजे तीन महिने छपराखाली.

आणि इथे माझी चूक सुरू होते. माणमध्ये मी मेंढ्यांना हिवाळाभर कोंडलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे रात्री उघड्या शेतात जाळीची वाघर लावायची, मेंढरं तिच्या आत एकमेकांना चिकटून बसतात, मेंढपाळ घोंगडी घेऊन शेजारी. पाऊस आला तर भिजतात, ऊन आलं की वाळतात. छपराखाली मेंढी कशी ठेवायची हे मी पुस्तकात वाचलं असेल, परीक्षेत लिहिलंही असेल, पण माझ्या हातांना ते माहीत नव्हतं. मला एवढंच वाटलं की बाई गं, हा जपानचा गारठा, या पोटुशा, यांना वारा लागता कामा नये.

शेड मोठी होती. पूर्वी तिथे तंबाखूची पानं वाळवायचे. उंच छप्पर, आत आडव्या वाशांच्या रांगा, लाकडी भिंती. भिंतींच्या फळ्यांना फटी होत्या. नेमोतो-साननी त्यांवर जुनी प्लॅस्टिकं ठोकली. काझुया-सानने नागोयाहून कुरियरने खोकं पाठवलं, त्यात काय असावं? काळ्या रबरी पट्ट्या. दारांना लावायला. सोबत नीट काढलेली आकृती, कुठली पट्टी कुठे. उरलेल्या फटींना चिकटपट्टी लावायचं काम माझं. मी शिडीवर उभी राहून गाणं गुणगुणत ती लावली. तिघांनी मिळून त्या शेडची मोटार करून टाकली. दार लावलं की बाहेरच्या वाऱ्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. आम्ही एकमेकींकडे बघून समाधानाने मान डोलावली आणि घरी जाऊन गरम चहा प्यायलो.

आठवड्याभरात छप्पर गळायला लागलं.

पहिल्यांदा एका कोपऱ्यात. मग मधोमध. नेमोतो-साननी बादल्या लावल्या. छप्पर दुरुस्त करणारा माणूस आला, वर चढून सगळे पत्रे ठोकून बघून गेला, म्हणाला, भोक नाही. तरी थेंब पडतच होते. बाहेर पाऊस थांबलेल्या दिवशीही आत टपटप चालूच. पेंढा दोन दिवसांत काळा पडायचा. आम्ही नवा घालायचो, तोही काळा. मेंढ्यांच्या पाठीवरची लोकर बोटाने दाबली की पाणी निघायचं. काझुया-सान फोनवर म्हणाला, पाणी येतंय म्हणजे कुठेतरी फट राहिली आहे, आणखी पट्ट्या पाठवतो. आणि त्याने पाठवल्या. आम्ही त्याही लावल्या.

जानेवारीत मेंढ्या ढासायला लागल्या. आधी दोन, मग सहा. तालुक्याचा तरुण डॉक्टर येऊन इंजेक्शनं देऊन गेला. मला तो अधिकार नव्हता, मी मेंढ्या धरून उभी राहिले, लहानपणच्या हुद्द्यावर परत. थंडी फार आहे, असं तो म्हणाला. मीही मान हलवली.

मग एका दुपारी एका मेंढीच्या मागच्या बाजूची घाण झालेली लोकर कातरायला मी खाली बसले. नुसती वाकले नाही, पेंढ्यात मांडी घालून बसले. माझं नाक मेंढीच्या नाकाच्या उंचीला आलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुताचा तो झणझणीत वास उभं असताना नुसता जाणवायचा, खाली श्वास घेववत नव्हता. घसा खरवडला. मी दोन मिनिटंसुद्धा बसू शकले नाही, आणि या दोन महिने त्यात तोंड खुपसून निजत होत्या. मी उठले, खांबाला धरून वर बघितलं. वाशांवर, कोळिष्टकांवर, पत्र्याच्या आतल्या अंगावर थेंबच थेंब. बाहेरचं पाणी नव्हतंच ते. चौदा मेंढ्यांच्या श्वासाची वाफ वर जात होती, तिला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ती गार पत्र्याला लागून पाणी होऊन त्यांच्याच अंगावर पडत होती. फट राहिली म्हणून नव्हे, फट राहिली नाही म्हणून तो पाऊस होता. आणि चिकटपट्टी मी लावली होती.

मला स्वतःचा इतका राग आला की मी मोठ्याने मराठीत शिवी घातली. मेंढ्यांनी कान हलवले.

नेमोतो-सानना पटवायचं कसं? माझं जपानी मेंढ्यांपुरतं. मी त्यांच्या घरात गेले, देवघरात नवऱ्याच्या फोटोसमोर उदबत्त्यांचा पुडा होता, त्यातली एक मागून घेतली. इथल्या उदबत्त्या काडीशिवायच्या, बारीक, हिरव्या. शेडच्या मधोमध पाण्याच्या बादलीवर हात धरून मी ती पेटवली. धूर सरळ वर गेला, छपराखाली पसरला, थोडा वेळ तिथे रेंगाळला आणि हळूहळू खाली आमच्या तोंडावर आला.

“बघा. जायला जागाच नाही.”

नेमोतो-सान बघत होत्या. बाई हुशार, त्यांना एका क्षणात कळलं. त्या वर आढ्याकडे बघत म्हणाल्या, “जागा होती.”

तेव्हा मला कळलं. तंबाखूच्या शेडला हवा लागते, नाही तर पानं कुजतात. छपराच्या आढ्यावर टोकापासून टोकापर्यंत लांब झरोका असतो, त्यावर वेगळं छोटं छप्पर, म्हणजे हवा जाते आणि पाऊस येत नाही. तो झरोका आतून फळ्या ठोकून, वर निळी ताडपत्री लावून, कडेने चिकटपट्टीचे थरावर थर देऊन बंद केलेला होता. अंधारात मला कधी दिसलाच नव्हता. भूकंपानंतरच्या त्या वसंतात, खिडक्या बंद ठेवा म्हणून सांगितलं जात होतं तेव्हा, म्हाताऱ्याने सत्तराव्या वर्षी एकट्याने वर चढून तो बंद केला होता. माणसांना घरात बसायला सांगितलं, मेंढ्यांना कोण सांगणार, असं म्हणाला होता म्हणे. त्यानंतर त्याच्या हातून त्या शेडचं दुसरं काही काम झालं नाही. मेंढ्या व्यायला दर वर्षी त्याच शेडमध्ये यायच्या, आणि कोकरं मरायला लागली ती त्यानंतरच.

“काढू या,” मी म्हटलं.

“नाही.”

“तुम्ही धूर बघितलात ना?”

“बघितला. कळलं. पण ते ह्यांनी लावलंय. त्याला हात लावायचा नाही.”

त्यांनी माझ्या हातातली उदबत्ती घेतली, बादलीत विझवली आणि घरात निघून गेल्या.

आम्ही चार दिवस धड बोललो नाही. भिंतींवरच्या माझ्या चिकटपट्ट्या मी त्यांच्यादेखत ओरबाडून काढल्या, प्लॅस्टिकं सोडवली, दारांच्या रबरी पट्ट्याही उपटल्या. तेवढ्याला त्या काही म्हणाल्या नाहीत. पण त्याने वारा नेमका मेंढ्यांच्या अंगावर यायला लागला आणि वाफ वरची वरच राहिली. मी तेही सांगून बघितलं. त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, आणि भाताचं तूस पसरायला जायच्या. पाचव्या दिवशी सकाळी एक मेंढी मेलेली आढळली. तोंडाला फेस, पोटात दोन कोकरं. दुसरी त्याच दुपारी गाभडली. नेमोतो-सान मेलेल्या मेंढीपाशी गुडघ्यांवर बसून तिच्या कानामागे खाजवत होत्या, जिवंत असल्यासारखं. “सुमिमासेन,” त्या तिला म्हणाल्या. माफ कर. मला दया यायला हवी होती. मला संताप आला.

संध्याकाळी घरी गेले. अंघोळीला गेले तर न्हाणीघराच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके. रोज बघायचे, रोज घासायचे. त्या दिवशी मान वर केली. इथल्या घरांना हवा खेळायला भिंतीत गोल झडपा असतात. आमच्या झडपेवर माझी चिकटपट्टी होती. चार वर्षं. खिडक्यांच्या कधीच काढल्या होत्या, ही तशीच राहिली होती, आणि नेमोतो-सानना शहाणपण शिकवणारी मी तिच्याखाली चार वर्षं अंघोळ करत होते. मी स्टूल घेतलं आणि नखांनी ती खरवडून काढायला लागले. पिवळी, चिवट, तुकड्यातुकड्यांनी निघणारी. रेवा दारात येऊन उभी राहिली, सात वर्षांची, इथल्या पोरांसारखं आईला मामा म्हणत तिच्या जपानीत विचारलं, मामा, काय करतेस?

“हवा सोडतेय,” मी मराठीत म्हटलं.

“कुसाई,” ती म्हणाली. मेंढ्यांचा वास येतोय. खरंच होतं, माझ्या केसांना येत होता.

दुसऱ्या दिवशी मी घरातून खिळे उपटायची हातोडी घेऊनच निघाले. नेमोतो-सान शेडमध्येच होत्या. मी सरळ शिडी उचलली, वाशाला टेकवली आणि चढायला लागले.

“काय करतेस?”

“तुम्हाला दिसतंय.”

“उतर खाली!”

“नाही उतरणार.”

“ते ह्यांनी लावलंय! ऐकू येत नाही का तुला?”

मी वाशावर पोचले होते. पहिल्या फळीत हातोडीचं टोक घातलं. तिथून खाली बघून मी ओरडले, आणि माझ्या मोडक्या जपानीत ते जितकं उद्धट वाटलं असेल तितकं मला म्हणायचंच होतं. “ज्या दिवसांसाठी त्यांनी लावलं ते दिवस संपले! मेंढ्या जगाव्यात म्हणून लावलं होतं ना? मग मेंढ्या जगू देत!”

मी हातोडीवर जोर दिला, खिळा किंचाळला, आणि शिडी घसरली. खालची फरशी थेंबांनी ओली झालेली होती. मी वाशाला लोंबकळले. शिडीचा पाय सरकत गेला आणि थांबला. नेमोतो-साननी ती छातीशी धरली होती, गुडघे वाकवून, सगळं वजन टाकून. मी पुन्हा पाय टेकवला. त्यांनी शिडी सोडली नाही आणि उतर असंही पुन्हा म्हटलं नाही.

सगळ्या फळ्या काढायला दुपार झाली. म्हातारा कामाचा पक्का होता, एकेका फळीला सहासहा खिळे. मी एकेक फळी खाली द्यायची, त्या घेऊन भिंतीला रचून ठेवायच्या, पुन्हा येऊन शिडी धरायच्या. रडत होत्या की थेंब पडत होते, वरून कळत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. शेवटी ताडपत्री सुटली आणि माझ्या तोंडावर सपकन गार हवा आली. मिझोरे चालूच होतं, पण आत एक थेंब आला नाही. आढ्यातून पांढुरका उजेड खाली पेंढ्यावर पडला. मेंढ्यांनी माना वर केल्या. त्यांच्या पाठींवरून वाफ निघत होती, आणि ती वर जाताना दिसत होती, वर, वर, बाहेर.

मी खाली उतरले. या देशात मी दिवसातून पन्नास वेळा सुमिमासेन म्हणते. ट्रेनमध्ये, दुकानात, शाळेत, पायरी चढताना, पायरी उतरताना. त्या दिवशी म्हटलं नाही. नेमोतो-साननीही म्हटलं नाही. त्यांनी ताडपत्री उचलली, नळाखाली धुतली, घडी घातली आणि बाहेरच्या पेंढ्याच्या गंजीवर अंथरली. वाया घालवणं त्यांना माहीतच नाही.

तिसऱ्या दिवशी टपटप थांबली. आठवड्यात पेंढा पिवळा राहायला लागला. खोकला लगेच गेला नाही, असं कुठे होत नसतं, पण ढासणाऱ्या सहाच्या तीन झाल्या आणि तिनाची एक. बाहेरचा पाऊस मात्र फेब्रुवारीभर हटला नाही. पडेना का! गारठा होताच. मी टोपी, दोन स्वेटर आणि निरंजनचा जुना कोट घालून काम करायचे, मेंढ्या मात्र आपल्या लोकरीत मजेत रवंथ करत बसायच्या. इतकी जाड लोकर पाठीवर असलेल्या प्राण्याला थंडी वाजेल म्हणून मी पट्ट्या लावत बसले होते, याचं आज हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

मला अजून वाटतं, जपणं म्हणजे बंद करणं, ही समजूत आपल्या हाडात कुठेतरी बसलेली आहे. पोटुशी आहे, बाहेर जाऊ नको. म्हातारी आहे, बाराव्या मजल्यावर ये. भूकंपाचा देश आहे, परत ये. सांगणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं, तिथेच सगळी पंचाईत आहे. खोटं असतं तर झिडकारून टाकता आलं असतं. म्हाताऱ्याचं प्रेम तर इतकं खरं होतं की एकेका फळीला सहासहा खिळे होते. पण त्या प्रेमाखाली कोकरं मेली, हेही तितकंच खरं, आणि ते म्हणायला कुणीतरी उद्धट लागतं. मी ते काम आनंदाने करते.

मार्चमध्ये मेंढ्या व्याल्या. बारा मेंढ्या, एकोणीस कोकरं. दोन गेली, सतरा उरली. एकीचं कोकरू पाय अडकून बसलं होतं, ते मी हात घालून वळवून काढलं. परवाना विचारायला तिथे कुणी नव्हतं. नेमोतो-सान टॉवेल घेऊन शेजारी बसलेल्या, कोकरू पेंढ्यावर पडलं तसं त्यांनी त्याच्या नाकातली घाण बोटाने काढली, माझ्याआधी. त्या शिकल्या होत्या.

वसंतात दिवसरात्र सारखे होतात त्या सुमारास जपानी माणसं कबरींना फुलं घेऊन जातात. काझुया-सान त्यासाठी आला आणि वडिलांच्या कबरीवरून तसाच शेडमध्ये आला, काळा सूट, काळे बूट, बुटांना चिखल. कोकरं इकडून तिकडे उड्या मारत होती. त्याने ती मोजली नसतील असं नाही. मग त्याने आपल्या पट्ट्या बघितल्या, त्या दारांना नव्हत्याच. मग वर बघितलं. आढ्यातून उजेड येत होता.

“ते बाबांनी बंद केलेलं ना?”

“हो,” नेमोतो-सान म्हणाल्या. त्या खाली बसून एका अशक्त कोकराला बाटलीने दूध पाजत होत्या.

“मग काढलं कुणी?”

मी पुढे झाले. आठवडाभर मी वाक्यं पाठ केली होती, आदरार्थी क्रियापदांसकट. वाफ, ओल, मुताचा वायू, मेंढीचं फुप्फुस. इतक्या वर्षांचं शिक्षण आणि अनुभव एकदा तरी या देशात कुणा शिकलेल्या माणसासमोर मांडायला मिळणार होता. मी तोंड उघडलं.

“मी,” नेमोतो-सान म्हणाल्या.

“तू? या वयात वर चढलीस?”

“तुझ्या बाबांनी लावलेलं माझ्याशिवाय कोण काढणार?” त्यांनी मान वर केली नाही. कोकरू बाटलीला धडका देत होतं, त्यांनी तिचा कोन थोडा बदलला. “आणि काझुया, माझ्यासाठी ठेवलेल्या त्या खोलीत नातवाचं अभ्यासाचं टेबल ठेव. रिकामी कशाला ठेवायची?”

तो आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे. मी पाठ केलेली सगळी वाक्यं गिळली, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि पाण्याची बादली उचलून बाहेर निघाले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. सवयीने माझा हात मागे गेला.

“सेन्सेइ,” आतून आवाज आला, मुलाला ऐकू जाईल असा, चेष्टेचा लवलेश नसलेला. “राहू दे ते दार उघडं.”